वईवरची तोंडली

पिकलेलं तोंडलं मंडईत कुणी घेत नाही. ढीग लावताना एखादं तांबूस झालेलं हाताला लागलं की भाजीवाली ते बाजूला टाकते. गिऱ्हाईकही बोटाने दाबून बघतं आणि मऊ लागलं की गुपचूप परत ढिगात सोडून देतं. कालिदासाला मात्र नेमकं तेच हवं होतं. मेघदूतातला यक्ष अलकेत राहिलेल्या आपल्या पत्नीची खूण मेघाला सांगतो, तेव्हा तिच्या ओठांना तो पिकलेल्या बिंबफळाची उपमा देतो. पुढे संस्कृत काव्यात आणि त्यामागून आपल्या पंडित कवींच्या मराठीत इतक्या नायिकांच्या ओठांवर हे बिंबफळ येऊन बसलं, की उपमा पार झिजून गेली. कॉलेजात संस्कृतचे मास्तर 'बिंब म्हणजे तोंडली' असं सांगत तेव्हा वर्गात हमखास खसखस पिके. आमच्या डोळ्यांसमोर यायची ती फोडणीत परतलेली हिरवी काचरी. कवीने फळ वेलीवर पाहिलं होतं आणि आम्ही ताटात.

वेलीवर ते बघण्यासारखंच असतं. बोटाच्या पेराएवढं, हिरव्यावर पांढरट रेघा असलेलं फळ पिकायला लागलं की आधी रेघा पुसट होतात, मग टोकाकडून तांबडं चढतं. दोन-चार दिवसांत सगळं फळ असं लालभडक होतं की हिरव्या पाल्यात दिवा लावल्यासारखं दिसतं. आतला गरही लाल, बुळबुळीत, किंचित गोड. खेड्यातली पोरं तो चोखतात. बुलबुल तर पोरांच्या आधीच येऊन जातात. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने द्राक्ष, करवंद, टोमॅटो आणि तोंडलं यांची जात एकच: मऊ गराचं, आपोआप न उकलणारं मृदुफळ. म्हणजे भाजीच्या टोपलीतून काढून त्याला फळांच्या करंडीत बसवलं तर शास्त्राची काही हरकत नाही. हरकत आपल्या जिभेची आहे, तिला ते कच्चंच हवं असतं. आणि या वेलीशी माणसाचं जे काही नातं जमलं आहे, ते फळ पिकण्याआधी तोडण्याच्या या सवयीवर जमलं आहे, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

अंजूर हे भिवंडी तालुक्यातलं, खाडीकाठच्या पट्ट्यातलं गाव. इतिहास वाचणाऱ्यांना ते गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे माहीत असतं. साष्टीतल्या पोर्तुगीज जाचाविरुद्ध पेशव्यांकडे खटपट करणारं आणि 1737 ते 1739च्या चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत पुढे असणारं हे घराणं. नाईकांचा वाडा आणि तिथला सिद्धिविनायक आजही लोक बघायला जातात. इतिहास न वाचणाऱ्यांना अंजूरफाटा माहीत असतो, तो ट्रकांच्या रांगांमुळे. मानकोली, राहनाळ, वळ, दापोडे ही एकेकाळी भाताच्या शेतांची नावं होती. आता मुंबईत घरपोच येणाऱ्या पार्सलचा माग मोबाइलवर काढला तर यातलंच एखादं नाव उमटतं. शेतांवर भराव पडला, भरावावर निळ्या पत्र्याची गोदामं उभी राहिली, गोदामांभोवती तारेची जाळी आली. आणि त्या जाळीवर, कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही, अशी रानतोंडली चढली. पहिल्या पावसानंतर महिनाभरात तिने खांबसुद्धा दिसेनासा केला.

माझी मावशी या गावची सून. तिच्या परसात तोंडलीचा मांडव आहे आणि परसाच्या वईपलीकडे एका गोदामाची जाळी. एकच जात अलीकडे आणि पलीकडे. अलीकडची लावलेली, पलीकडची आपली आपण आलेली. अलीकडचीला मावशी 'आपली' म्हणते, पलीकडचीला 'रानटी'.

वेल लावण्याची रीत सोपी आहे, आणि तिच्यातच बरंच काही दडलेलं आहे. तोंडली बियांपासून लावत नाहीत. बियांची वेल नर निघेल की मादी, हे फूल येईपर्यंत कळत नाही. मादी निघाली तरी फळ कडू निघायची धास्ती असते. रानातली बरीच तोंडली कडू असतात, तो कडवटपणा बियांतून परत डोकं वर काढतो. म्हणून चांगल्या वेलीचा पेन्सिलीएवढा जाड, जून झालेला, चार-पाच डोळ्यांचा तुकडा घ्यायचा आणि पावसाच्या तोंडाला शेणखत घातलेल्या आळ्यात दोन-दोन तुकडे तिरपे खोचायचे. अंजुरात एक काळजी जास्तीची. खाजणाकडच्या मातीला खार असतो, म्हणून आळं घराच्या चौथऱ्याजवळ, उंचवट्यावर घ्यावं लागतं. मासळी धुतलेलं पाणी वेलीच्या बुडाशी जातं. मांडव डोक्याइतका उंच, म्हणजे खालून हात घालून फळं तोडता येतात आणि वारा खेळतो. दोन-अडीच महिन्यांत फुलं दिसतात, पांढरी, पाच पाकळ्यांची, एकेकटी. मग आठवड्यातून दोनदा तोडा. पावसाळा सरला की छाटणी. निर्दयपणे, हातभर खुंट ठेवून. जमिनीखाली तिचं मूळ गड्ड्यासारखं फुगलेलं असतं. वरचं सगळं कापलं तरी ते शाबूत असतं, तेव्हा भिण्याचं कारण नाही. अशी वेल तीन-चार वर्षं भरभरून देते.

मावशीला हे बेणं तिच्या जावेने दिलं होतं, जावेला तिच्या माहेराहून मिळालं होतं, आणि मावशीच्या लेकीने ते डोंबिवलीला नेऊन इमारतीच्या गच्चीवर ड्रममध्ये लावलं आहे. जरा थांबून विचार केला तर हे विलक्षण आहे. कलमाने वाढलेली वेल ही आईची मुलगी नसते, आईच असते. त्याच देहाचा एक तुकडा दुसरीकडे मुळं धरतो. म्हणजे जावेच्या माहेरची, अंजूरची आणि डोंबिवलीच्या गच्चीवरची वेल या तीन वेली नव्हेत. एकच मादी तीन ठिकाणी वाढते आहे, आणि आणखी कुठे कुठे, कुणास ठाऊक. नाईकांच्या घराण्याची कामगिरी साष्टीच्या बखरीत लिहिली गेली, त्यात बापामागून मुलगा, भावामागून भाऊ. तोंडलीची वंशावळ कुणी लिहिली नाही. ती लग्न होऊन जाणाऱ्या मुलींच्या पिशव्यांतून, ओल्या फडक्यात गुंडाळून गावोगाव गेली, आणि त्या वंशावळीत पुरुषाला जागाच नाही. लागवडीच्या वेलींनी नराच्या परागाशिवाय फळ धरायचा गुण उचलला आहे. म्हणून बाजारातल्या तोंडल्यात बिया पांढऱ्या, मऊ, नावापुरत्या असतात.

नर-मादीच्या या प्रकरणाचा छडा लावण्यात आपल्याकडच्या संशोधकांचा मोठा वाटा आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बहुतेक झाडांत एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. तोंडलीत नर वेल वेगळी, मादी वेगळी. 1940 साली 'करंट सायन्स'मध्ये एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर यांनी तोंडलीच्या लिंग-गुणसूत्रांवर टिपण लिहिलं. तोंडलीच्या पेशीत 24 गुणसूत्रं असतात. मादीत एक्स-एक्स अशी जोडी, नरात एक्स-वाय, थेट माणसासारखी. फरक एवढाच की माणसाचं वाय गुणसूत्र खुरटलेलं असतं आणि तोंडलीचं भलंमोठं. सूक्ष्मदर्शकाखाली इतर सगळ्यांतून ते चटकन वेगळं ओळखता येतं. देवडीकर पुढे पुण्यात मधमाश्यांच्या संशोधनात रमले. तोंडलीच्या फुलापासून मधमाशीपर्यंतची वाट तशी जवळचीच. त्यानंतर सत्तरेक वर्षांनी पुण्याच्याच आयसर संस्थेत हा धागा पुन्हा हाती घेतला गेला. 2014 साली तिथल्या गटाने नर आणि मादीखेरीज वेलींच्या तिसऱ्या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाच वेलीवर मादी फुलंही येतात आणि उभयलिंगी फुलंही, मात्र या उभयलिंगी फुलांतले पराग वांझ असतात. गंमत अशी की तोंडली खाल्ल्याने बुद्धी मंद होते, असा आपल्याकडे पक्का समज. एका जुन्या संस्कृत वचनात तोंडली तत्काळ बुद्धी हरण करते आणि वेखंड तत्काळ बुद्धी देतं, अशी जोडीच लावलेली आहे. माझी आजी परीक्षेच्या दिवसांत तोंडली घरात आणू द्यायची नाही. पुण्याच्या प्रयोगशाळांनी या वचनाची फारशी पत्रास ठेवलेली दिसत नाही.

वेल मांडवावर चढते कशी, हे बघायला जूनमधली एखादी वाऱ्याची सकाळ चांगली. प्रत्येक पानाच्या बगलेतून एक बारीक, न फाटणारा तणावा निघतो. तो आधी सरळ असतो आणि हवेत सावकाश गोल फिरत काहीतरी शोधत असतो. टोक तारेला लागलं की तासा-दोन तासांत विळखा पडतो. खरी करामत त्यानंतर. दोन्ही टोकं पक्की झाल्यावर मधला भाग स्वतःभोवती गुंडाळू लागतो आणि स्प्रिंग बनतो. ही स्प्रिंग जवळून पाहा. अर्ध्या अंतरापर्यंत वेटोळी एका दिशेने जातात, मध्ये एक छोटा सरळ तुकडा येतो आणि पुढची वेटोळी उलट दिशेने फिरतात. दोन्ही टोकं बांधलेली दोरी मधूनच पिळायची तर जेवढे पीळ उजवे तेवढे डावे पडणारच, नाहीतर दोरीच मुरगळेल. चार्ल्स डार्विनने 1865 साली वेलींच्या हालचालींवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्यात ही उलटी वेटोळी त्याने समजावून दिली आहेत. ब्रायोनी नावाची इंग्लंडच्या कुंपणांवरची वेल वादळात तगते कशी, हे बघायला तो मुद्दाम सोसाट्याच्या वाऱ्यात बाहेर पडत असे. ही ब्रायोनी तोंडलीची लांबची बहीण. लिनियसने 1767 साली तोंडलीला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा तिला ब्रायोनियाच्याच घरात घातलं होतं. आजचं कॉक्सिनिया हे घर तिला नंतर, एकोणिसाव्या शतकात मिळालं. खाडीवरून पश्चिमेचा वारा सुटला की मावशीचा मांडव हातभर हलतो, गोदामाचे पत्रे थडथडतात. स्प्रिंगा ताणतात, परत मिटतात, आणि एकही देठ तुटत नाही.

आता त्या 'आपली' आणि 'रानटी'कडे वळू. अलीकडे देशी झाडांची आस्था वाढली आहे, आणि ती मला मनापासून पटते. उल्हास नदीचं पात्र दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने मढलेलं ज्याने पाहिलं, त्याला परक्या वनस्पतीचा धाक वेगळा शिकवावा लागत नाही. पण या आस्थेत पुष्कळदा जातिवंतपणाचा दाखला मागण्याची खोड शिरते. झाड मूळचं कुठलं, कागद दाखवा. तोंडलीचे कागद काढले तर घोटाळा होतो. तिच्या प्रजातीत पंचवीसेक जाती आहेत आणि बाकी सगळ्यांचं घर सहाराच्या दक्षिणेची आफ्रिका. ही एकटीच तिथून निघून उष्ण आशियाभर पसरलेली. बिंबी म्हणून ती आपल्या आयुर्वेदाच्या संहितांत आहे, कालिदासात आहे. केरळात सतराव्या शतकात हेन्ड्रिक व्हान रीडने करवून घेतलेल्या 'हॉर्टस मलाबारिकस'मध्येही आहे. तिला परकी म्हणायची कुणाची छाती नाही. पण तिचा गोतावळा समुद्रापलीकडे आहे, हेही खरं. मग देशी म्हणजे किती पिढ्यांपूर्वी आलेली?

हवाई बेटांवर या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या बाजूने मिळालं. तिथे तोंडली विसाव्या शतकात आशियाई लोकांच्या परसातून गेली. भाजीसाठीच गेली, थायलंडकडे तर तिचा कोवळा पालाही आवडीने खातात. परसातून ती कुंपणावर, कुंपणावरून झाडांवर, विजेच्या तारांवर पसरली. झाडं तिच्या पांघरुणाखाली उजेडाविना मरू लागली आणि तिचं नाव घातक तणांच्या सरकारी यादीत गेलं. तीच वेल, तेच तणावे, तेच गड्ड्याचं मूळ. तिथे कमी पडले ते तिला खाणारे. शेवटी आफ्रिकेतून, केनियातून, तिचे जुने वैरी शोधून न्यावे लागले. 1996 साली तिचं खोड पोखरणारा एक पतंग तिथे सोडला, पुढे 1999 साली दोन प्रकारचे सोंडे.

अंजुरात असं कुणाला आणावं लागत नाही. मावशीच्या मांडवाखाली टॉर्च घेऊन उभं राहिलं तर गर्दीच दिसते. पानं चाळणीसारखी करणारे तांबडे भुंगेरे. पानाची कड दुमडून आत बसलेली, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असलेली हिरवी अळी. तिचाच पुढे पांढऱ्या काचेसारख्या, तपकिरी काठाच्या पंखांचा पतंग होतो आणि शेपटीचा केसाळ झुपका हलवत पानावर बसतो. फळात अंडी घालणारी फळमाशी, जिच्यासाठी मोठे बागाईतदार क्यू-ल्युरचे सापळे टांगतात. पिकलेल्या फळांवर बुलबुल, तांबट, कोकीळ. हे सगळे मिळून तिला जागेवर ठेवतात. आणि या पंगतीत माणूसही आहे. उलट तो सगळ्यांत खादाड, कारण पाखरं तरी फळ पिकायची वाट बघतात, हा तितकाही धीर धरत नाही. वेलीच्या बाजूने बघितलं तर कच्चं फळ तोडणं म्हणजे तिचा बी टाकायचा बेतच उधळून लावणं. ती चिवटपणे पुन्हा फुलते, पुन्हा तोडा होतो. मावशीच्या बोलीत सांगायचं तर, "फलां खुडली नाय तर वेल झोपते." शास्त्रही तेच सांगतं. फळं वेलीवरच पिकू दिली की नवी फुलं कमी होतात, कारण वेलीच्या लेखी काम संपलेलं असतं. म्हणून देशी कोण हे ठरवताना मी हल्ली दाखला मागत नाही. तिला कोण कोण खातं, ते बघतो. या हिशोबात जलपर्णी अजून पाहुणी, आणि मिरची-काजू केव्हाच घरचे. पोर्तुगिजांना वसईतून घालवलं, पण त्यांच्या गलबतांतून आलेला ब्राझीलचा काजू कुणी परत केला नाही. कोकणात ओल्या काजूगरांचे दिवस आले की तो तोंडल्याच्याच भाजीत पडतो. अशी चांगली भाजी दुसरी नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि लग्नातल्या मसालेभातात तोंडल्याऐवजी फ्लॉवर घालणाऱ्या आचाऱ्यांबद्दलचं मत मी इथे लिहीत नाही.

जाळीवरच्या रानतोंडलीचं काय करायचं, हा मात्र मावशीच्या घरचा चालू प्रश्न आहे. त्या वेलींत नर आहेत. लहान, पांढऱ्याच फुलांच्या, पण फुलाखाली फळाचा इवला फुगवटा नसलेल्या. ओळखायची खूण तीच. मधमाश्या त्यांच्यावरून उठून मावशीच्या मांडवावर येतात, आणि मग घरच्या तोंडल्यांत दाताखाली कचकचणाऱ्या बिया भरतात. भाजी लवकर जून होते. मावशीचं म्हणणं, नर वेली गोदामवाल्याने काढून टाकाव्यात. गोदामवाला ठाण्याला राहतो. जाळीचा खरा कारभार बघतो तो तिथला वॉचमन, उत्तर प्रदेशातला. तो आला तेव्हा वेल बघून खूश झाला होता, कारण त्याच्या गावी ही भाजी आहे, कुंदरू म्हणून. जाळीवरची एक मादी वेल कडू नाही, हे त्यानेच चाखून शोधून काढलं. तिची कोवळी फळं तो उभी चिरून, मोहरीच्या तेलात लसूण आणि सुक्या मिरचीवर परततो. एकदा त्याने वाटीभर मावशीकडे पाठवली. तेलाचा वास तिला सोसला नाही, पण वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिने त्यात सुकटीची चटणी घालून दिली.

मावशीच्या सांगण्यावरून त्याने नर वेली उपटल्या, गड्ड्यांसकट. एक ठेवली. बिया भरलेली, दाताखाली लागणारी तोंडलीच त्याला आवडतात, असं तो म्हणतो. ती वेल वईच्या अगदी लगत आहे, आणि वई कुणाच्या हद्दीत येते यावर मावशी आणि तो गेल्या पावसाळ्यापासून भांडत आहेत.